विद्यार्थ्यांची पेठ आणि पेठेची वार्ता

२०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस दोन दिवसांच्या अंतराने दोन दुर्घटना घडल्या. २५ जुलैच्या पहाटे पुण्यात खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत शिरले आणि त्याच पहाटे डेक्कन भागात पुलाच्या वाडीजवळ पाण्यातून हातगाडी हलविणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने मरण पावले. २७ जुलैच्या संध्याकाळी दिल्लीत जुन्या राजिंदरनगरातील एका नामांकित शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी घुसले. त्या तळघरात वाचनालय चालत असे. तेथे अभ्यास करणाऱ्या दोन तरुणी आणि एक तरुण बुडून मरण पावले. उत्तर प्रदेश, तेलंगणा आणि केरळ या तीन राज्यांतून सनदी सेवांच्या परीक्षेसाठी आलेली ही मुले होती.

या दोन्ही घटनांची चर्चा नाले, अतिक्रमणे, परवाने आणि भ्रष्टाचार या अंगांनी भरपूर झाली. ती योग्यच होती. पण दोहोंत समान असलेल्या एका गोष्टीकडे तितकेसे लक्ष गेले नाही. धरणातून पाणी सोडले जाणार हे कोणालातरी ठाऊक होते. आपल्याला वेळीच सांगितले गेले नाही, ही एकतानगरीच्या रहिवाशांची तक्रार होती. दिल्लीत तर त्या तळघराला केवळ सामान व वाहने ठेवण्याची परवानगी असून तेथे बेकायदा वाचनालय चालते, अशी लेखी तक्रार एका स्पर्धा परीक्षार्थी विद्यार्थ्यानेच महिनाभर आधी शासनाकडे नोंदविली होती आणि स्मरणपत्रेही पाठविली होती. म्हणजे वार्ता होती. एका ठिकाणी ती वरून खाली आली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी खालून वर गेली, पण तेथे ती कोणी वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी शिकवणी संस्थांच्या सुरक्षिततेची स्वतःहून दखल घेतली. महिन्याभरापूर्वी त्याच वस्तीतल्या विद्यार्थ्याचे पत्र एखाद्या कारकुनाने गांभीर्याने घेतले असते, तर न्यायालयावर ही वेळ आली नसती.

ते पत्र गांभीर्याने का घेतले गेले नाही? भ्रष्टाचार आणि अनास्था ही कारणे आहेतच. पण त्याखेरीज आणखी एक कारण आहे, आणि पुण्यासारख्या शहराने त्याचा विचार करावयास हवा. ते पत्र एका माणसाचे होते, वस्तीचे नव्हते. पत्र लिहिणारा त्या वस्तीत राहत होता, पण वस्ती त्याला आपला मानत नव्हती आणि त्याच्यासारखे हजारो जण त्या वस्तीला आपली मानीत नव्हते.

एक शहर, दोन वस्त्या

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी या पेठांत आज नेमकी हीच स्थिती आहे. लातूर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव, सोलापूर, जळगाव, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी येणारी मुले-मुली येथे वर्षानुवर्षे राहतात. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत एकेका खोलीत चार-पाच खाटा टाकून 'कॉट बेसिस'वर जागा दिल्या जातात. जेवण मेसमध्ये किंवा डब्यावर, अभ्यास अभ्यासिकेत, चहा टपरीवर, आणि टिपणे झेरॉक्सच्या दुकानात, असा हा दिनक्रम असतो. पहाटे उघडणारी अभ्यासिका मध्यरात्रीपर्यंत गजबजलेली असते. यांतील कित्येक अभ्यासिका राहत्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, गच्चीवरील पत्र्यांखाली किंवा तळघरांत आहेत. अनेक ठिकाणी जिना एकच आणि तोही अरुंद.

या पेठांचे अर्थकारण आता बव्हंशी या मुलांवर चालते. खोलीमालक, खानावळवाले, पुस्तकविक्रेते, शिकवणीवर्गांचे चालक या सर्वांची मिळकत त्यांच्या गावाकडून येणाऱ्या पैशावर अवलंबून आहे. तो पैसा बहुधा सोयाबीनच्या, उसाच्या किंवा दुधाच्या हिशेबातून काढलेला असतो, क्वचित कर्जाचाही असतो. इतका निकटचा व्यवहार असूनही रहिवासी आणि विद्यार्थी यांच्यात बोलणे होते ते भाडे, अनामत रक्कम आणि रात्रीचा गोंगाट एवढ्यापुरते. एकाच गल्लीत दोन वस्त्या एकमेकींकडे पाठ करून राहत आहेत.

पालिकेने गुरुवारी पाणी बंद राहणार असल्याचे जाहीर केले, की रहिवासी आदल्या दिवशी भांडी भरून ठेवतात. विद्यार्थ्याला ते कळते सकाळी नळ कोरडा लागल्यावर. गोष्ट क्षुल्लक आहे. पण २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बॅरे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याचा संशय बळावला आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या, तेव्हा हीच गोष्ट क्षुल्लक राहिली नाही. ज्याच्या खोलीत शेगडी नाही, जो मेसच्या पिंपातले पाणी पितो, त्याने पाणी उकळावयाचे कोठे? ही सूचना मेसचालकाला उद्देशून आणि मेसच्या दारावर लावलेली असावयास हवी होती.

सात घरांची वार्ता

पुणे हे विद्यार्थ्यांचे शहर आजचे नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागणारे विद्यार्थी ही शंभर वर्षांपूर्वीच्या या पेठांची ओळख होती. अशाच गरजू मुलांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृहाची स्थापना झाली. पुढे तेच पुणे विद्यार्थी गृह झाले. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम उभे केले आणि ग्रामीण भागातील मुलांना निवाऱ्याबरोबरच श्रमाची आणि स्वावलंबनाची शिस्त दिली.

वारांच्या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात उपकाराचे ओझे होते आणि जातीची भिंत तर पक्की होती. अन्य जातींच्या मुलांना त्या पंगतीत स्थान नव्हते, म्हणून तर १९०१ पासून कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांना निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारावी लागली. आज पैसे मोजून खोली घेणारा विद्यार्थी कोणाचा मिंधा नाही, आणि ही प्रगतीच होय. पण आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवणाऱ्या मुलाला त्या सातही घरांची वार्ता असे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे, कोणती भिंत ओल धरून फुगली आहे, हे त्याला ठाऊक होते. उलट तो एखाद्या वाराला आला नाही तर घरातील बाई चौकशीला माणूस पाठवी. मिंधेपणा गेला हे इष्ट झाले; पण त्याच्याबरोबर ही विचारपूसही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशानेही भरून काढली नाही. आज एखादा परीक्षार्थी चार दिवस खाटेवर तापाने फणफणत असला किंवा निकालानंतर खचून खोलीत कोंडून घेऊन बसला, तर ते कळण्याची कोणतीही निश्चित वाट पेठेत उरलेली नाही.

मतदार नाही, म्हणून नागरिक नाही?

येथे कायद्याचाही संबंध येतो. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. म्हणजे या पेठांतील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी मतदानास पात्र आहे. पण येथे नव्हे. वसतिगृहात किंवा खानावळीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला मूळ गावी अथवा शिक्षणाच्या ठिकाणी नाव नोंदविण्याची मुभा निवडणूक आयोगाने दिली आहे. मात्र त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा लागतो, आणि संस्थाप्रमुखाचा दाखला जोडावा लागतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला अभ्यासक्रम असतो तो आयोगाने छापलेला. दाखला देणारा प्राचार्य त्याला नसतो. अन्य पुरावे दाखवून नाव नोंदविता येईलही, पण भाडेकरार करून देण्यासच अनेक मालक नाखूष असतात. परिणामी स्थानिक दफ्तरात या मुलांचे नाव कोठे येतेच, तर भाडेकरूंच्या माहितीसाठी पोलिसांकडे दिलेल्या कागदावर. शासनाला ही मुले ठाऊक आहेत ती केवळ संशयाच्या खात्यात.

बाकीची दारेही अशीच अर्धवट उघडी आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्र सभेची तरतूद केली. तिचे सभासद त्या क्षेत्राचे मतदारच असतात, आणि त्या सभाही बव्हंशी कागदावरच राहिल्या. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात मतदार असलेल्या रहिवाशाचीदेखील दाद घेणारा नगरसेवक उरला नव्हता. मग परगावच्या विद्यार्थ्याची कथा काय? तथापि दोन वाटा खुल्या आहेत. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना क्षेत्रीय कार्यालयांतून मागविते. पदपथ, दिवे, स्वच्छतागृहे अशी कामे त्यातून सुचविता येतात. दुसरे म्हणजे, प्रभाग समितीवर मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. विद्यार्थ्यांच्या संस्थेने या जागेवर हक्क का सांगू नये?

यातला विरोधाभास कडवट आहे. याच अभ्यासिकांत बसून मुले चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती पाठ करतात. प्रभाग समिती किती लोकसंख्येच्या शहरात असावी, हे विचारले तर क्षणार्धात तीन लाख असे उत्तर येते. पण आपली अभ्यासिका कोणत्या प्रभागात आहे, तिचे क्षेत्रीय कार्यालय कोठे आहे, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. स्थानिक स्वराज्य हा त्यांच्या लेखी दोन गुणांचा प्रश्न झाला आहे.

आळस नव्हे, वाटेचा अभाव

हा दोष मुलांच्या वृत्तीचा आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका तरुणीवर भररस्त्यात कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा जिवावर उदार होऊन हल्लेखोराला अडविले ते स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीच्या अंमलबजावणीवरून, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांची परीक्षा त्याच दिवशी आल्यावरून, हीच मुले रस्त्यावर बसली. पहिल्या वेळी नव्या पद्धतीची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली, दुसऱ्या वेळी २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे ढकलावी लागली. परीक्षेची वार्ता असली की ती काही तासांत साऱ्या पेठांत पसरते, हजारो जण गोळा होतात आणि शासनाला नमते घ्यावे लागते. धैर्य आहे, संघटनेची शक्ती आहे, आणि वार्ता पसरविण्याची यंत्रणाही आहे. मग अभ्यासिकेच्या एकुलत्या एका जिन्याची वार्ता त्या यंत्रणेतून का जात नाही?

कारण ती कोणाची वार्ता आहे हे ठरलेले नाही. विद्यार्थी म्हणतो, मी येथे दोन वर्षांचा पाहुणा. मालक म्हणतो, इमारत माझी, पण अभ्यासिका चालविणारा भाडेकरू. भाडेकरू म्हणतो, परवाना मागितलाच कोणी नाही. सोसायटीतले रहिवासी म्हणतात, आमचा विरोध होताच, आता ते जाणोत. पालिका म्हणते, तक्रार आली तर पाहू. प्रत्येकाचे म्हणणे स्वतःपुरते खरे आहे, आणि त्या सर्वांची बेरीज म्हणजे राजिंदरनगरचे तळघर.

यावर विद्यार्थ्याचा एक आक्षेप असा येईल, आणि तो रास्त आहे. वडिलांनी कर्ज काढून धाडले, वय वाढत चालले, जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी. अशा वेळी पेठेच्या गटारांची चिंता मी का वाहावी? त्याला उत्तर एवढेच, की येथे समाजसेवेची अपेक्षाच नाही. आग लागली तर त्या जिन्यावर तोच सापडणार आहे आणि पिंपातले दूषित पाणी त्याच्याच पोटात जाणार आहे. १५ जून २०२३ रोजी दिल्लीच्या मुखर्जीनगरात एका शिकवणी वर्गाच्या इमारतीला आग लागली, तेव्हा खिडक्यांतून दोरांच्या आधाराने खाली उतरणारी मुले साऱ्या देशाने पाहिली. त्यांनाही परीक्षेखेरीज दुसऱ्या कशासाठी वेळ नव्हता.

काय करता येईल

उपाय मोठे किंवा खर्चाचे नाहीत. पुण्याच्या पेठांत चौकाचौकांत गणेश मंडळे आहेत आणि त्यांचे फलक आहेत. त्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर आठवड्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयाची सूचना लागावी: पाणी कधी बंद, कोणता रस्ता खोदणार, कोणत्या रोगाची साथ, धरणातून किती विसर्ग. सूचनेखाली अधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख असावी. आज भ्रमणध्वनीवर वार्तांचा पूर आहे. पण पेपर फुटल्याची अफवा आणि पाणी दूषित असल्याची सूचना तेथे सारख्याच वेगाने धावतात. वार्ता आणि अफवा यांतला भेद सहीचा असतो. जिच्याखाली कोणीतरी जबाबदारीने सही केली आहे, ती वार्ता.

दुसरे, प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर चालकाचे नाव, मंजूर आसनसंख्या, बाहेर पडण्याचे मार्ग आणि अग्निशमन दलाच्या दाखल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लावणे पालिकेने सक्तीचे करावे. ज्याच्याजवळ लावण्यासारखे काही नसेल, त्याची रिकामी भिंतच विद्यार्थ्याला पुरेसे सांगेल. आलेली तक्रार क्रमांक आणि तारखेसह क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर, निकाली निघेपर्यंत, लागलेली असावी. राजिंदरनगरचे पत्र असे महिनाभर भिंतीवर राहिले असते, तर त्या वाचनालयात पैसे भरण्यापूर्वी मुलांनी ते वाचले असते.

तिसरे, महिन्यातून एकदा अभ्यासिकांचे आणि मेसचे प्रतिनिधी, सोसायट्यांचे सचिव आणि मंडळाचे कार्यकर्ते यांनी तासभर एकत्र बसावे. त्या बैठकीत विद्यार्थ्यांनाही ऐकून घ्यावे लागेल. जिन्यात अस्ताव्यस्त लावलेल्या दुचाक्या, मध्यरात्री टपरीवर रंगणाऱ्या गप्पा, डब्यांचा आणि कागदी पेल्यांचा कचरा या रहिवाशांच्या तक्रारी खोट्या नाहीत. वयोवृद्ध माणसाला झोप हवी असते आणि रुग्णवाहिकेला गल्लीत शिरायला वाट हवी असते. हक्क मागणाऱ्याने ही वाट मोकळी ठेवणे हे त्याच्या नागरिकत्वाचे पहिले प्रमाण होय.

वृत्तपत्रांनीही आपले माप पाहावे. निकाल लागला की गुलालात न्हालेल्या यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे आम्ही छापतो, आंदोलन झाले की त्याचीही. निकाल आणि आंदोलन यांच्यामधल्या शेकडो दिवसांत ही मुले कोठे बसतात, काय पितात, कोणत्या जिन्याने उतरतात, याची बातमी सहसा येत नाही.

या पेठांतून दर वर्षी काही जण उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. कोणी तहसीलदार, कोणी पोलीस उपनिरीक्षक, कोणी नगरपालिकेचा मुख्याधिकारी होतो. लवकरच त्यांच्या टेबलावर अशाच एखाद्या अनोळखी माणसाचे पत्र येऊन पडणार आहे: अमुक इमारतीचे तळघर धोक्याचे आहे, अमुक नाल्याचे झाकण उघडे आहे. ते पत्र बाजूला सरकविण्याची सवय कचेरीत लागते, असे आपण समजतो. वस्तुतः ती त्याआधीच, जेथे आपण राहतो ती जागा आपली नव्हे असे मानून काढलेल्या वर्षांत, लागून चुकलेली असते. आणि जे उत्तीर्ण होत नाहीत, त्या बहुसंख्यांना तरी या शहराने आपल्या उमेदीच्या वर्षांत नागरिक म्हणून वागविले, एवढी आठवण गावी घेऊन जाता यावी. पुढच्या पावसाळ्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयाने पहिला फलक लावावा आणि पहिली बैठक बोलवावी. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.